गोधडीची संगत

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



फायलींना टाचण्या लावण्यापलीकडे ज्याचा सुईशी फारसा संबंध आला नाही, अशा सरकारी नोकराला गोधडीवर बोलावयास सांगणे हे धाडसच म्हटले पाहिजे. परंतु बदल्यांच्या निमित्ताने अनेक प्रांतांत राहण्याचा योग आला आणि जुन्या वस्त्रांचे थर एकत्र शिवणाऱ्या स्त्रिया ठिकठिकाणी दिसल्या. त्यातून जे उमगले, तेवढेच आपणापुढे ठेवतो.

आपल्याकडे तिला कुणी गोधडी म्हणते, कुणी वाकळ. तान्ह्या बाळासाठी असली की ते दुपटे. जुनी लुगडी-धोतरे थरावर थर अंथरावीत, वर ठिगळे जुळवावीत आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जावे, एवढेच तिचे शास्त्र. उत्तर कर्नाटकात ती कौदी होते, बिहारात सुजनी, बंगालमध्ये कांथा. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया तिला कवंदी म्हणतात आणि चारही कोपऱ्यांवर कापडी ‘फुले’ बसविल्याखेरीज ती पुरी झाली असे मानीत नाहीत. नावे निराळी, परंतु टाका एकच. अंगावरून उतरलेले वस्त्र टाकून न देता त्याची ऊब पुढच्या पिढीस द्यावी, हा भावही एकच.

आमच्याच पेशातील एका गृहस्थांचा येथे आदराने उल्लेख करतो. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी गुरुसदय दत्त यांनी बंगालच्या खेड्यापाड्यांत हिंडून, ज्यांस त्या काळी कुणी कला म्हणत नसे, अशा कांथा जमविल्या. कलकत्त्याजवळ जोका येथे त्यांच्या संग्रहाचे संग्रहालय १९६३ साली खुले झाले. घरातल्या जीर्ण साड्यांना संग्रहालयाचे दार उघडणारा माणूस एक प्रशासकीय अधिकारी होता, याचा मला अभिमान वाटतो.

आता थोडे परदेशात डोकावू. अमेरिकेतील अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया, ज्यांचे पूर्वज गुलाम होते, शेतात घालून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. कारण घरात थंडी शिरत असे. १९६६ साली त्या भागातील स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. २००२ साली जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि २००६ साली अमेरिकन टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली. केंटकी राज्यातील पडूका हे जेमतेम सत्तावीस हजार वस्तीचे शहर. तेथे १९८५ पासून गोधड्यांचे मोठे प्रदर्शन भरू लागले, १९९१ साली स्वतंत्र संग्रहालय उभे राहिले आणि २०१३ साली युनेस्कोने त्या शहरास हस्तकला व लोककलेचे सर्जनशील नगर म्हणून मान्यता दिली. आपल्या देशातही २०१९ साली चेन्नईत ‘इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल’ भरला.

या मंडळींचे दोन उत्सव असतात. एक शिबिर, दुसरे प्रदर्शन. शिबिरात दोन-चार दिवस घरचा स्वयंपाक-पाणी मागे ठेवून, कापडाचे गठ्ठे घेऊन स्त्रिया एकत्र राहतात, वर्षानुवर्षे रखडलेले काम पुरे करतात, एकमेकींचे तुकडे मागून घेतात आणि रात्री उशिरापर्यंत बोलत बसतात. प्रदर्शनाचा थाट निराळा. तेथे कापडास हात लावण्याची मनाई असते. परंतु पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका उभ्या असतात, आणि विनंती केली की त्या कोपरा उलटून गोधडीची पाठ दाखवितात. जाणत्या बाईला दर्शनी बाजूइतकीच पाठीमागच्या टाक्यांची उत्सुकता असते. मला ही चाल फार अर्थपूर्ण वाटते. दर्शनी बाजू प्रदर्शनात दिसते; पाठ घडते ती संगतीत.

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या घरचेच आहे. गेली अनेक वर्षे आपल्या सभागृहात दर गुरुवारी दुपारी दहा-बारा भगिनी गोधडी अंथरून बसतात. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने दोन सूचना पुढे आल्या आहेत. गोधड्यांची स्पर्धा ठेवून पारितोषिके द्यावीत, ही एक. आणि मंडळाचे उत्पन्न वाढविण्यासाठी गुरुवारची दुपार भाड्याने द्यावी, ही दुसरी. दोन्ही सूचना सद्‌हेतूच्या आहेत, परंतु त्या एकत्र अमलात आल्या तर काय होईल? प्रत्येक जण आपापल्या घरी, दार लावून, बक्षिसासाठी शिवू लागेल. प्रदर्शन भरेल, गोधड्याही सुंदर असतील. गुरुवार मात्र संपलेला असेल.

त्या गुरुवारचे मोल जमाखर्चाच्या वहीत दिसत नाही. बदलीवर नव्याने आलेल्या कितीतरी सुनांनी या परक्या मुलखात पोटभर मराठी प्रथम त्या गोधडीभोवती ऐकली. हात गुंतलेले आणि दृष्टी टाक्यावर, म्हणून जे कुठेच बोलवत नाही ते तेथे बोलले जाते: कुणाचे आजारपण, कुणाच्या दूरदेशी गेलेल्या लेकाचे न येणारे पत्र. शिवाय त्या बैठकीतील तिघींनी वयाची ऐंशी ओलांडली आहे. त्यांच्या हातचा टाका कोणत्याही पुस्तकात नाही; तो शेजारी बसूनच शिकावा लागतो, आणि त्यासाठी आपल्यापाशी फार वर्षे नाहीत.

म्हणून माझी विनंती अशी. गुरुवार राहू द्यावा. भाड्याची तूट भरून काढण्यासाठी आपण सभासद पुरुषांनी वर्गणीत थोडी भर घालावी. पहिली रक्कम माझी. येत्या हिवाळ्यात तीन दिवसांचे शिबिर भरवावे आणि शेजारच्या बंगाली, बिहारी, कानडी भगिनींना आपापली जुनी वस्त्रे घेऊन बोलवावे. स्वयंपाक त्या तीन दिवशी आम्ही करू. त्याचे परीक्षण मात्र कृपया करू नये! प्रदर्शन त्यानंतर अवश्य भरवावे, पण क्रमांकाविना. प्रत्येक गोधडीशेजारी एक चिठ्ठी असावी: लुगडे कोणाचे, आणि शिवणारे हात कोणकोणाचे. भेट देणाऱ्यांना पाठ उलटून दाखविण्यासाठी आपल्या मुली उभ्या राहाव्यात.

पन्नास वर्षांत हे मंडळही असेच निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेल्या, विटलेल्या-न विटलेल्या तुकड्यांनी जोडले गेले आहे. त्याची शिवण उसवू न देणे आपल्या हाती आहे.