मोनो सरोवराचा खटला
(महाजन मंडळींसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



देवळापुढच्या तळीत पाणी किती आहे हे पाहायला मोजपट्टी लागत नाही. उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजल्या की झाले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोनो नावाचे सरोवर आहे. त्याचे पाणी १९४१ सालापासून असेच पायरीपायरीने उतरत गेले आणि १९८२ पर्यंत पंचेचाळीस फूट खाली गेले. त्या पाण्यासाठी तेथील मूठभर रहिवाशांनी आणि विद्यार्थ्यांनी जो लढा दिला, त्याचे पडसाद आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात, आणि पुढे प्रत्यक्ष गोव्यातही उमटले. म्हणून आजचा हा विषय.

हे सरोवर सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पूर्वेस आहे. पोर्तुगीज शिकलेल्या मंडळींना ह्या नावाचा अर्थ सांगायला नको. पर्वतावरचे बर्फ वितळून ओढ्यांवाटे सरोवरात येते. पण सरोवरातून पाणी बाहेर जाण्यास वाट नाही. ते केवळ वाफेच्या रूपाने जाते, क्षार मागे राहतात. त्यामुळे पाणी समुद्राहून दोन-तीन पट खारट. मासा त्यात जगत नाही. परंतु सुंगटाच्या गोत्रातला नखाएवढा एक जीव आणि एक प्रकारची क्षारमाशी त्यात अगणित संख्येने वाढते. कुत्सादिका नावाचे तेथील मूळ रहिवासी ह्या माशीचे कोश सुकवून खात असत. ह्याच अन्नावर लाखो पाखरे तेथे उतरतात. काही दक्षिण अमेरिकेच्या लांबच्या प्रवासापूर्वी अंगी चरबी धरण्यासाठी, तर काही कुरव सरोवरातील बेटांवर अंडी घालण्यासाठी. पाण्याखालच्या झऱ्यांतील चुना सरोवरातील क्षारांशी मिळून तेथे दगडी मनोरे तयार होतात. आज पर्यटक ज्यांची छायाचित्रे घेतात ते हेच. पण ते काठावर कोरडे उभे दिसतात, ह्याचा अर्थच असा की पाणी त्यांना सोडून गेले आहे.

पाणी गेले ते तीनशे मैलांहून दूर असलेल्या लॉस एंजेलिस शहराला. ह्या शहराने १९१३ साली ओवेन्स खोऱ्यातून कालवा नेला होता आणि काही वर्षांतच तेथील सरोवर कोरडे पडून त्याच्या तळाची धूळ उडू लागली होती. ते पाणीही पुरेनासे झाले तेव्हा शहराची दृष्टी मोनोकडे वळली. १९४० साली सरोवरास मिळणाऱ्या पाच ओढ्यांपैकी चार ओढ्यांचे पाणी वळविण्याचा परवाना मागण्यात आला. परवाना देणाऱ्या खात्यास परिणाम दिसत होते. खात्याने खेद व्यक्त केला. मात्र पिण्याचे पाणी हा कायद्याने सर्वश्रेष्ठ उपयोग असल्याने अर्ज नाकारण्याचा अधिकार आपणांस नाही, असे लिहून परवाना दिला. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्यांना ही शैली ओळखीची वाटेल. नाइलाज कागदावर नोंदला की कचेरीची जबाबदारी संपते. १९७० साली दुसरी वाहिनी सुरू झाली आणि पाणी अधिकच वेगाने उतरू लागले. खारटपणा दुप्पट झाला. १९७९ साली नेगिट बेटाची जमीन काठाला जोडली गेली. कोल्ह्यांच्या जातीची जनावरे चालत बेटावर गेली आणि कुरवांनी तेथील घरटी टाकली.

ह्याच सुमारास, १९७६ साली, डेव्हिड गेन्स व त्यांचे सोबती असे काही विद्यार्थी उन्हाळाभर सरोवराकाठी राहिले. त्यांनी पाणी, माशा, पाखरे सारे मोजून अहवाल छापला. १९७८ साली मोनो लेक कमिटी स्थापन झाली. पैसा नव्हता, वजनदार माणसे नव्हती. गावोगावच्या शाळांत, ग्रंथालयांत, पक्षिप्रेमींच्या बैठकांत पडद्यावर चित्रे दाखवायची, मोटारींना चिकटवायच्या पट्ट्या वाटायच्या, असे काम चाले. एकदा मंडळींनी ओढ्याचे पाणी बादल्यांत भरून चालत नेले आणि सरोवरात ओतले. पुढे शहराच्या पाणीखात्याच्या इमारतीपुढील हौदातले पाणी कुप्यांत घेऊन सायकलींवरून सरोवरापर्यंत आणू लागले. व्यवहारी माणसाला हा पोरखेळ वाटेल. पाण्याच्या हिशेबात तो पोरखेळ होताच; पण शहरातल्या ज्या माणसाने सरोवराचे नावही ऐकले नव्हते, त्याला आपल्या नळाचे दुसरे टोक कोठे आहे ते त्यामुळे कळले.

१९७९ साली ऑडुबॉन सोसायटी, ही कमिटी आणि काही स्थानिक जमीनमालक न्यायालयात गेले. शहराजवळ रीतसर परवाने होते. त्यांविरुद्ध वादींनी जे तत्त्व पुढे केले ते जस्टिनियन बादशहाच्या काळचे, म्हणजे सहाव्या शतकातले: वारा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा निसर्गतःच सर्वांच्या सामाईक मालकीचे. लिसेवमध्ये लॅटिन घोकलेल्यांना ह्या भाषेचे नवल वाटणार नाही. गोव्यात लागू असलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतही वस्तूंचे सार्वजनिक, सामाईक व खाजगी असे वर्ग पाडलेले होतेच. १७ फेब्रुवारी १९८३ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अशा जलाशयांचे शासन हे विश्वस्त आहे. एकदा परवाना दिला म्हणून ते कर्तव्य संपत नाही, जुन्या परवान्यांचाही फेरविचार करता येतो. महाजनांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. देवाच्या दागिन्यांच्या पेटीची किल्ली ज्याच्याकडे असते, तो ते दागिने घरच्या लग्नात घालीत नाही.

निकालाने नळ मात्र बंद झाला नाही. शहराची तहान खरी आहे, दोन्हींचा मेळ घाला, एवढेच न्यायालयाने सांगितले होते. अकरा वर्षे आणखी गेली. भरपूर पाऊस-बर्फाच्या वर्षांत बंधाऱ्यांवरून पाणी वाहिले, कोरड्या ओढ्यांत मासे आले, आणि धरणमालकाने खालच्या माशांपुरते पाणी सोडलेच पाहिजे असे एक विस्मृत कलम गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींनी उकरून काढले. डेव्हिड गेन्स हे शेवट पाहू शकले नाहीत; जानेवारी १९८८ मध्ये मोटार अपघातात ते निधन पावले. २८ सप्टेंबर १९९४ रोजी राज्याच्या जलमंडळाने निर्णय क्रमांक १६३१ दिला: सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ६३९२ फुटांपर्यंत चढू द्यावी आणि तोवर शहराने पाणी अगदी मोजके घ्यावे.

ह्या कमिटीने शहराला शत्रू मानले नाही, ही गोष्ट विशेष नोंदण्यासारखी. सरोवराचे पाणी वाचवायचे तर शहराने ते दुसरीकडून लुबाडू नये, ही तिची भूमिका होती. म्हणून वापरलेले पाणी शुद्ध करण्याच्या योजनांसाठी सरकारी पैसा मिळविण्यात तिने शहराला साहाय्य केले. पूर्व लॉस एंजेलिसमधील गरीब वस्तीतल्या माता घरोघर कमी पाण्याची शौचपात्रे पोचवू लागल्या. शहराची लोकसंख्या वाढली, पण एकूण पाणी १९७० च्या दशकाहून फारसे अधिक लागेनासे झाले.

१३ डिसेंबर १९९६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील बियास नदीच्या प्रकरणाचा निकाल दिला. एका हॉटेलासाठी नदीचा प्रवाहच वळविण्यात आला होता. त्या निकालपत्रात न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांनी मोनो खटल्याचा विस्ताराने आधार घेतला आणि सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व हे भारतीय कायद्याचा भाग आहे असे जाहीर केले. २००९ साली दोना पावलानजीकच्या वायंगिणी किनाऱ्यावर जाणारी लोकांची वाट खुली ठेवताना ह्याच तत्त्वाचा आधार घेण्यात आला.

मोनोचे पाणी मात्र अद्याप ठरलेल्या रेषेला लागलेले नाही. वीस वर्षांत लागेल असा अंदाज होता. २०२४ साली तीस वर्षे झाली तेव्हाही ते कित्येक फूट खालीच होते. २०१७ साली बेटाकडची जमीन पुन्हा उघडी पडण्याच्या बेतात आली, तेव्हा कुरवांच्या रक्षणासाठी तेथे विजेचे कुंपण घालावे लागले. दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या तारखेला कमिटीचे लोक आणि शहराच्या पाणीखात्याचे कर्मचारी सरोवराकाठी एकत्र येतात व मोजपट्टीवरचा आकडा मिळून वाचतात. त्या वर्षी शहराने किती पाणी न्यायचे, ते त्या आकड्यावर ठरते.