आधी पाणी, मग ओळख
(शतकमहोत्सवी सप्ताहात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कमिटीनं आम्हाला सांगितलं होतं, महाराज, दिंडीच्या शंभर वर्षांवर बोला. पण ते जुन्या मंडळींनी या अंकात लिहिलेलंच आहे. त्यांना पणजोबांच्या वेळचं ठाऊक, आमची शाळा चौथीची. म्हणून गेल्या बैठकीत जो वाद अर्धा राहिला, तोच आज पुढं नेतो. वाद ओळखपत्राचा. निम्मे म्हणाले, पुढच्या वारीपासून गळ्यात ओळखपत्र नसेल त्याला पंगतीला बसवायचं नाही, कोण कुठला माणूस घुसतो कळत नाही. निम्मे म्हणाले, वारकऱ्याच्या गळ्यात माळ असते तेवढी पुरे. मग चहा आला आणि विषय तसाच राहिला.

आमचं म्हणणं पहिलंच सांगून टाकतो. ओळखपत्र काढा. रस्त्यात कुणाला चक्कर आली, कुणाला गाडीचा धक्का लागला, तर घरचा नंबर पाहिजे, साखरेची गोळी चालू आहे का ते पाहिजे. त्यासाठी काढा. पण ओळखपत्रानं माणूस ओळखता येतो, असं जे कुणी त्या दिवशी म्हणालं, ते आम्हाला पटत नाही. ओळखपत्र वाचायला समोरचा थांबला पाहिजे. आणि जो वाचायला थांबला, त्यानं निम्मी ओळख करूनच घेतली ना!

कीर्तनात आपण दोरीचा आणि सापाचा दृष्टांत नेहमी देतो. अंधारात दोरी पडलेली, माणसाला वाटलं साप, घाम फुटला. दिवा आणला, बघतो तर दोरी. भ्रम गेला. हा दृष्टांत आम्ही तीस-पस्तीस वर्षं सांगत आलो आणि लोक माना हलवत आले. पण माणूस माणसाला कसा बघतो, तिथं हा दृष्टांत पुरत नाही. एक तर दोरीला साप म्हटलं म्हणून दोरीचं काही जात नाही. माणसाचा जीव जातो. आणि दुसरं, दिवा आणला तरी साप जाईलच असं नाही.

ते आपल्याच जिल्ह्यानं बघितलं आहे. १६ एप्रिल २०२० ची रात्र. गडचिंचले, डहाणू तालुका, दादरा नगर हवेलीच्या हद्दीला लागून. लॉकडाऊन चालू, म्हणून महामार्ग सोडून आडरस्त्यानं एक गाडी सुरतकडे अंत्यविधीला निघालेली. गाडीत जुन्या आखाड्याचे दोन साधू, कल्पवृक्षगिरी महाराज सत्तर वर्षांचे आणि सुशीलगिरी महाराज पस्तिशीचे, आणि गाडी चालवणारा तिसरा. त्या दिवसांत गावागावात बातमी फिरत होती की चोर आले, पोरं पळवणारे आले, माणसाची किडनी काढून नेतात. मोबाईलवर फिरत होती आणि मोबाईल नाही तिथं तोंडोतोंडी. त्याच आठवड्यात, त्याच भागात, मदत करायला गेलेल्या डॉक्टरांच्या गाडीवरही लोक धावून गेले होते. गडचिंचल्याला जमाव जमला. पोलीस आले. म्हणजे दिवा आला, बघा. गाडीचे दिवे, पोलिसांच्या बॅटऱ्या, सगळं होतं. समोर पांढऱ्या केसांचा सत्तर वर्षांचा म्हातारा उभा. तरी लोकांना म्हातारा दिसला नाही. तिघांनाही मारलं.

हे असं का होतं यावर आम्ही पुष्कळ विचार केला. पुस्तकं वाचून नाही, शेताच्या राखणीवरून सांगतो. भात पोटरीला आलं की डुकरं येतात, म्हणून चौघं-पाचजणं रात्री माळ्यावर बसतात. मध्यरात्री कुठं तरी सळसळ होते. एकजण ओरडतो, डुक्कर! बाकीचे चौघं काठ्या घेऊन धावतात. त्या चौघांनी काही बघितलेलं नसतं. त्यांना वाटतं, पहिल्यानं बघितलं असणार. आणि पहिला जो असतो, त्यानंही बघितलेलं नसतं, फक्त ऐकलेलं असतं. पण चौघं धावताना बघून त्याला वाटतं, त्यांनाही दिसलं म्हणजे खरंच डुक्कर असणार. बाहेर निघतं शेजाऱ्याचं वासरू. एकटा माणूस असता तर त्यानं दगड मारायच्या आधी बॅटरी टाकली असती. चौघं असले की बॅटरी टाकायचं काम प्रत्येकजण दुसऱ्यावर सोडतो. दोरीचा दृष्टांत एकट्या माणसाचा आहे, त्याला दिवा पुरतो. जमावातला माणूस दोरीकडे बघतच नाही, तो शेजारच्याच्या डोळ्यांत बघतो आणि तिथं त्याला साप दिसतो.

याच्या दोन वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाड्याला हेच झालं. रविवार, आठवड्याचा बाजार, उजेडी दिवस. तिथं तर अंधाराचंही निमित्त नव्हतं. भिक्षा मागायला आलेले पाचजण, नाथपंथी डवरी गोसावी, पोरं पळवणारे समजून लोकांनी जीवे मारले. ते कुठले? त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढ्याकडचे. मंगळवेढा म्हणजे पंढरपूरला लागूनचा तालुका, आमच्या चोखोबारायांचा. तिथं गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या, ही कथा तुम्ही आमच्याच तोंडून दहा वेळा ऐकली असेल. त्याच मुलखातली ही माणसं. आपण ज्या देवाला इतक्या लांबून जातो, त्याच्या शेजारचे. पोटासाठी दारोदार फिरणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पूर्वी डवरी गोसावी दारात आला की बाई पसाभर धान्य घालायची आणि डमरू वाजवताना पोरं त्याच्या मागं धावायची. गोसावी बदलला नाही, त्याच्याकडं बघणारा डोळा बदलला.

हे ऐकताना कुणी म्हणेल, महाराज, ते लोक अडाणी. इथंच सावध व्हा, मंडळी. कारण हे म्हणताना आपणही न बघताच बोलतो. गडचिंचल्यानंतर टीव्हीवर काय चाललं होतं आठवा. दोनच दिवसांत हे दुसऱ्या धर्माच्या लोकांनी केलं अशी हूल उठली. शेवटी गृहमंत्री अनिल देशमुखांना अटक झालेल्यांची यादी बाहेर काढून सांगावं लागलं की यात एकही मुसलमान नाही. शहरात बसलेले, शिकलेले, एसीतले लोक, तेही राखणीवरच्या चौघांसारखेच धावले.

आणि मग पाळी आपली आली. बंदी उठल्यावर दिंडी परत चालू लागली, तेव्हा मुक्कामाच्या गावात लोक विचारायचे, कुठले? पालघर म्हटलं की एक क्षण गप्प व्हायचे. एका घरी तर म्हातारीनं आमच्या बायकांना सरळ विचारलं, साधूंना मारणारे ते तुम्हीच का गं? आपल्या बायका रात्री झोपल्या नाहीत. कपाळाला बुक्का, हातात टाळ, आणि तरी आम्ही मारेकऱ्यांच्या गावचे. मग कासा-चारोटीकडच्या आदिवासी पोरांचं काय होत असेल? त्या बाजूला आम्ही कीर्तनाला जातो. पोरं सांगतात, कामावर गेलो आणि गाव विचारलं तर आम्ही जवळच्या मोठ्या गावाचं नाव सांगतो, आपलं नाय सांगत.

आणखी एक. सगळे म्हणतात दोन साधू. पेपरात दोन साधू, भाषणात दोन साधू, आमच्याही तोंडात पुष्कळ दिवस तेच बसलं होतं. मेले तीन. तिसरा तीस वर्षांचा ड्रायव्हर, भाड्यानं गाडी घेऊन निघालेला. मारणाऱ्यांना तो दिसला नाही, आणि नंतर रडणाऱ्यांनाही दिसला नाही. भगवं दिसतं, स्टेअरिंगवरचा माणूस दिसत नाही. आपल्या दिंडीच्या टेम्पोचा ड्रायव्हर पंगतीत शेवटी बसतो, हे कुणाच्या ध्यानात आलंय का?

आपल्या भागाला हे नवीन नाही. १९४५ साली गोदूताई परुळेकरांनी वारली लोकांना वेठीविरुद्ध उभं केलं, तलासरी तालुक्यात झरीला मोठी सभा झाली, हे जुने लोक जाणतात. त्याच साली १० ऑक्टोबरला तलवाड्याला वारली जमले. का जमले, तर त्यांना खोटा सांगावा गेला होता की गोदूताई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, धावा. ते बिचारे बाईला वाचवायला काठ्या-कोयते घेऊन रात्रभर बसले. आणि सरकारला सांगितलं गेलं की हे दंगा करायला जमलेत. बंदुकीमागच्या माणसाला दंगेखोर दिसले आणि पाच वारली गोळीबारात गेले. एकाच माळावर दोन बाजूंना दोन अफवा, आणि दोन्ही बाजू खरंच घाबरलेल्या. सावकाराच्या ओट्यावरून बघताना वारली माणूस आळशी आणि जंगली दिसायचा. ओट्याखाली उतरून त्याच्याबरोबर आवण लावलं असतं तर तो कसा राबतो ते दिसलं असतं.

मग आपल्याकडं याला काही उपाय आहे का? आहे, पण फुशारकी मारण्यासारखा नाही. आपण भेटलो की आधी पाया पडतो, मग बोलतो. कोण, कुठला, कोणत्या जातीचा, हे नंतर. सत्तर वर्षांचा म्हातारा दहा वर्षांच्या पोराच्या पाया पडतो आणि दोघं एकमेकांना माऊली म्हणतात. शहरातले लोक याला भक्तिभाव म्हणतात. आम्हाला वाटतं ही सवय आहे, बैलाला जुवाची असते तशी. मनात समोरच्याविषयी काहीही असू दे, हात आधी खाली जातो. आणि माणूस खाली वाकला की थोडा वेळ तरी त्याला समोरच्याचे पाय बघावे लागतात. भेगा पडलेले, चिखलाचे, चप्पल तुटलेले. पाय बघितलेल्या माणसाला चोर म्हणणं जरा जड जातं.

पण खोटं कशाला बोला. इतकी शतकं माऊली माऊली म्हणत आपण चाललो, आणि चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर पायरीशीच राहिली. विठोबाचं देऊळ दलितांना उघडायला १९४७ साल उजाडलं, साने गुरुजींना १ मेपासून दहा दिवस उपाशी बसावं लागलं. तेव्हा विरोध करणाऱ्यांच्या गळ्यातही तुळशीचीच माळ होती. हात खाली जायचा, पण कुणाच्या पायाशी जायचा ते आधीच ठरलेलं असायचं. आजही बघा. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत बिहारचे, यूपीचे किती कामगार आहेत. त्यातला एकजण दोन वर्षं आपल्या भजनाला मागं उभा राहायचा. त्याला आपण काय म्हणायचो? भैय्या. माऊली नाही. तो टाळ मागायला आला तेव्हा कुणी तरी म्हणालं, याला अभंग येतो का? आपल्यातल्या निम्म्यांना कुठं येतो! ठेका धरतात, तोंड हलवतात.

आता ती गोष्ट सांगतो, जी मुक्काम बघायला पुढं जाणाऱ्या आपल्या दोघांवर आली. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक पुढं आपले झाले. अफवांचेच दिवस होते. दोघं मोटारसायकलवर, दिंडी मागं दोन कोसांवर. टाळ नाही, मृदंग नाही, पताका नाही. दिंडी बरोबर असली की टाळ ऐकूनच दारं उघडतात, ते त्यांच्याकडं नव्हतं. शाळेचा पत्ता विचारायला थांबले, तेही शाळा सुटायच्या वेळेला. झालं. वीस-पंचवीस माणसं गोळा. एकानं गाडीची चावी काढून घेतली. हे दोघं ओरडून सांगतात आम्ही वारकरी, माळ दाखवतात, दिंडीचं पत्रक दाखवतात. कोण बघतो? एकजण म्हणाला, माळ तर कुणीही घालतो. तेवढ्यात कडेच्या घरातनं एक आजी बाहेर आली. तिनं कुणाला समजावलं नाही, ही चांगली माणसं आहेत असंही म्हणाली नाही, तिला तरी काय माहीत! ती फक्त तांब्या घेऊन मधे घुसली आणि म्हणाली, पाणी घ्या रे बाबांनो, उन्हाचे आलात. दोघं पाणी प्यायला खाली बसले. आणि बसलेल्या, पाणी पिणाऱ्या माणसाभोवती काठी घेऊन उभं राहायला लोकांना कसंसंच झालं. एकेक मागं सरकला. मग कुणी तरी विचारलं, कुठले तुम्ही? चावी परत मिळाली. त्या रात्री दिंडी त्याच गावात उतरली.

आजीनं दिवा आणला नव्हता, तांब्या आणला होता. जमाव बघत होता ते चोर, आजीला दिसले तहानलेले. तिनं जे बघितलं ते तिनं पाणी देऊन बाकीच्यांना बघायला लावलं. वीसजणांत एवढं एकच माणूस लागतं, पण ते वेळेवर लागतं, काठी पडायच्या आधी. एकदा पहिली काठी पडली की दुसऱ्याला वाटतं, मारलं म्हणजे काही तरी केलंच असणार.

म्हणून कमिटीपुढं आमची मागणी साधी आहे, लिहून घ्या. ओळखपत्रं छापा. पण पंगतीच्या तोंडाशी ओळखपत्र तपासायला जो माणूस उभा करणार, त्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या द्या. अनोळखी आला तर आधी पाणी, मग बसवायचं, मग नाव-गाव, मग ओळखपत्र नसेल तर वहीत लिहायचं. याच क्रमानं. उलटा क्रम झाला की तपासणारा पोलीस होतो आणि समोरचा चोर, दोघांच्याही मनात नसताना. दुसरं, गावातल्या मोबाईलच्या ग्रुपवर पोरं पळवणाऱ्यांचा निरोप आला, तर पुढं पाठवायच्या आधी पाठवणाऱ्याला फोन करून एवढंच विचारायचं, तू स्वतः बघितलंस का? आमचा अनुभव आहे, दहांतले दहा म्हणतात, नाही, मला दुसऱ्यानं पाठवलं. तिसरं, त्या बिहारच्या माऊलीला या वर्षी टाळ द्या. ठेका त्याला येतो, आम्ही मागं उभं राहून ऐकलंय. आणि टेम्पोच्या ड्रायव्हरला पहिल्या पंगतीत बसवा, नंतर त्याला वाढायला उठवू नका.

विणेकरी बुवा खूण करतायत, हरिपाठाची वेळ झाली.

रामकृष्ण हरी.