आवड त्यांची, भांडी कुणाची?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



आज विषय अंतर्गत कर्जाचा आहे. पण सुरुवात मी माझ्या घरच्या नानकटाईपासून करणार आहे. हसू नका, शेवटी कर्जावरच येते.

माझ्या मिस्टरांना केक, बिस्किटं करायचा भारी नाद. त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान बंद करून घरी आले की हात धुतात आणि मैदा चाळायला घेतात. घरात ओव्हन नाही. कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मिठाचा थर द्यायचा, वर स्टँड ठेवायचं, 10 मिनिटं तापवायचं आणि मग बारीक गॅसवर केकचं भांडं आत. पाऊण तासात केक तयार. नानकटाई पण तशीच, ताटलीत 8-8 लावून. सुरुवातीला दोनदा करपली, ती आम्ही चहात बुडवून संपवली. आता हात बसलाय. गल्लीत कुणाचा वाढदिवस असला की केक आमच्याकडनं जातो.

आधी लोक नावं ठेवायचे, "गडी माणूस गॅसपुढं बसतो." मग केक खाल्ला आणि बोलणं बदललं. "नशीब काढलंस गं!" असं मला किती जणी म्हणाल्या. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? पण एक बघा. हे आठवड्यातून दोनदा काहीतरी भाजतात, तर गल्ली गोळा होते. सासूबाई 35 वर्षं रोज भाकरी थापतायत, त्यांना कोण कधी वा म्हणालं?

तर एक दिवस मिस्टर म्हणाले, "ओव्हन घेऊ. 18,000 ला येतो. नानकटाई विकता येईल. आईच्या नावावर गटातनं कर्ज काढू, हप्ता मी भरतो." सासूबाई गटाच्या जुन्या सभासद आहेत. मी तुम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात सांगते, "कर्ज जिच्या नावावर, पैसा तिच्या हातात." पण घरात मी काय म्हणाले? "चालेल, बघू." सासूबाईंना विचारलंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात मला ताप आला म्हणून मी दोन दिवस घरी होते. रात्री बघते तर सासूबाई मोरीत बसलेल्या. पुढं तूपकट ताटल्या, कुकर, पीठ वाळून घट्ट झालेलं भांडं, बाजूला गरम पाण्याची बादली. हाताला भेगा पडलेल्या, त्यात साबण झोंबत होता. मी विचारलं, "आत्या, हे रोज तुम्हीच करता?"

त्या म्हणाल्या, "मग कोण? तू येतीस दमून. त्यो भाजतो, मी घासती."

मला रात्रभर झोप लागली नाही. मी रोज सातला घरी यायचे, ओटा स्वच्छ दिसायचा. तो कोण स्वच्छ करतंय हे मी कधी विचारलंच नव्हतं.

2019 साली सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटं तेव्हा त्यात जात होती, म्हणजे पाच तास. पुरुषांपैकी जे घरकाम करत होते, त्यांचीच सरासरी काढली तर 97 मिनिटं. आणि तसे पुरुष शंभरात 26 च होते. माझे मिस्टर त्या 26 मध्ये आहेत, हे चांगलंच आहे. पण मोरीतली मिनिटं त्यांनी कधी धरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वही घेऊन बसलो. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय? नियमित लेखे! तेच घरात केलं. एक किलो नानकटाईला साहित्य 130 रुपये, गॅस 20, डबा 15. एकूण 165. विकायची 240 ला. मिस्टर खूश, "75 रुपये सुटले!" मी म्हणाले, "आता तास लिहा." त्यांचे दोन तास. सासूबाईंचा घासणं, झाडणं, डबे भरणं धरून दीड तास. साडेतीन तासांना 75 रुपये, म्हणजे तासाला 21. आमच्याकडं खुरपणीला जाणारी बाई सुद्धा याच्यापेक्षा जास्त मिळवते.

मिस्टर गप्प झाले. रागावले पण, थोडे. मग सासूबाई बोलल्या. "कर्ज माझ्या नावावर, तर हिशोबाची वही पण माझ्याकडं. आणि भांडी ज्याची त्यानं घासायची."

ओव्हन थांबवला. मग आठवलं, दिवाळीला आपण काय करतो? साहित्याचा डबा घेऊन बेकरीत जातो आणि बिस्किटं भाजून आणतो. तसंच केलं. 10 किलोचं पीठ एकदम मळून बेकरीच्या भट्टीवर नेलं. विक्री 2,400. साहित्य 1,300, भट्टीचे 300, डबे 150, म्हणजे खर्च 1,750. उरले 650, दोघांचे मिळून तास 10. तासाला 65 रुपये पडले, तेही कर्ज न काढता. दिवाळीपर्यंत असंच करायचं. मागणी टिकली तर ओव्हनचा अर्ज सासूबाई स्वतः गटात मांडतील, आणि पैसे त्याच ठेवतील.

काही जणी म्हणतील, "ताई, आमचा नवरा चहाचा कप उचलत नाही, तुझं दुखणं लाडाचं!" मान्य आहे. मी काही मिस्टरांची तक्रार घेऊन आलेली नाही. त्यांची आवड मला आवडते. पण चूल सांभाळणारा नवरा असो नाहीतर न सांभाळणारा, आपल्या नावावर कर्ज काढायचं ठरतं तेव्हा आपले तास कुणीच धरत नाही. आपण पण नाही.

म्हणून कर्जाच्या अर्जाआधी गटात तीन प्रश्न विचारा. पैसा कुणाच्या हातात राहणार? या धंद्यात घरातल्या कुणाकुणाचे किती तास जाणार? आणि जिच्या नावावर कर्ज आहे, तिला हे खरंच पाहिजे का? उत्तरं तिच्या तोंडून ऐका, दुसऱ्यानं सांगितलेली नकोत. तिसरा प्रश्न मी माझ्याच घरात विचारायला विसरले होते, म्हणून सांगते.

पुढच्या बैठकीला येताना एका दिवसाचे तुमचे तास लिहून आणा. लिहिता येत नसेल तर मुलीकडनं लिहून घ्या, मुलाकडनं घेतलं तर जास्त चांगलं.

नानकटाईचा डबा फिरतोय, घ्या सगळ्यांनी. रिकामा डबा मला परत द्या. तो आज मिस्टर घासणार आहेत.