यादीतला माणूस



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्यिक यावेत, इतिहाससंशोधक यावेत, ही न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात घालून दिलेली चाल. तिथे चालकांनी यंदा माझ्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले आणि विषय दिला संगणकाचा. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. सभासदांची नोंदवही वहीतून संगणकावर न्यायची ठरली, तेव्हा पैसे देऊन माणूस ठेवण्याची आमची ऐपत नव्हती. म्हणून पाइथन नावाची प्रोग्राम लिहिण्याची भाषा पुस्तकावरून मीच शिकलो. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते पंडिताचे नव्हे, नोंदी ठेवणाऱ्याचे आहे.

विषय एका वाक्याचा आहे. पुष्कळ वस्तूंच्या संग्रहातून हवी ती एक वस्तू शोधायची आणि तिच्यात बदल करायचा. संगणकवाले 'वस्तू'ला ऑब्जेक्ट म्हणतात. एका कामगाराची सगळी माहिती, म्हणजे क्रमांक, नाव, पत्ता, खाते, आणि त्या माहितीवर करायच्या कृती, म्हणजे पगार काढणे, बढती नोंदवणे, हे सारे एका गाठोड्यात बांधले की तो झाला ऑब्जेक्ट. आणि अशी सगळी गाठोडी ज्या साच्यातून निघतात त्याला म्हणतात क्लास, म्हणजे वर्ग. वर्ग म्हटले की आमच्या चळवळीतल्या माणसाचे कान टवकारतात. पण इथे वर्गसंघर्ष नाही, निदान वरवर पाहता तरी नाही.

ही कल्पना नॉर्वेतली. ओस्लोच्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या दोघांनी सिम्युला नावाची भाषा बनवली. वर्ग आणि वस्तू ही जोडी तिच्या 1967 सालच्या आवृत्तीत पूर्ण स्वरूपात आली, आणि 2001 सालचे ट्यूरिंग पारितोषिक दोघांना मिळाले. मला यात जास्त ओढ वाटते ती पुढच्या गोष्टीची. हाच न्यूगोर 1970 नंतरच्या पहिल्या वर्षांत लोखंड व धातू कामगारांच्या युनियनबरोबर काम करू लागला. मालक कारखान्यात संगणक आणतो आहे, तर त्यात काय भरले जाते आणि कोणासाठी, हे कामगाराला कळले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. 1975 साली तिथल्या कामगार महासंघाचा आणि मालकांच्या संघटनेचा करार झाला, आणि अशा यंत्रणांची माहिती मिळण्याचा कामगारांचा हक्क त्यात मान्य झाला. ज्या माणसाने 'वस्तू' शोधली, त्यालाच वस्तूच्या आत कोण कोंडला आहे याची काळजी होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शोधायचे कसे?

सर्वांत साधी रीत म्हणजे यादी वरून खाली वाचत जाणे. हजार नावांच्या यादीत सरासरी पाचशे नावे वाचावी लागतात. यादी क्रमाने लावलेली असेल तर मधोमध उघडावी, हवा तो क्रमांक वर आहे की खाली ते पाहावे, उरलेली निम्मी टाकावी, पुन्हा मधोमध उघडावी. असे केले तर हजारांत दहा वेळा पाहून काम होते, लाखात सतरा वेळा, आणि तीन कोटींच्या यादीतसुद्धा पंचवीस वेळा. तिसरी रीत खणांची. समजा कपाटाला शंभर खण आहेत. कामगाराच्या क्रमांकाला शंभराने भागा आणि बाकी राहील त्या क्रमांकाच्या खणात त्याचे कार्ड टाका. पुन्हा शोधताना तोच भागाकार करा आणि थेट त्या खणाशी जा. पाइथनमध्ये याला डिक्शनरी म्हणतात. वेग हा यातला सोपा भाग. तो यंत्राचा प्रश्न आहे आणि यंत्र तो सोडवते.

अवघड भाग आहे तो 'कशावरून शोधायचे' हा. आपल्याकडे माणूस नावाने ओळखला जातो. समजा, यादीत मारुती शंकर असे नाव तीनदा आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने 'या नावाचा पहिला सापडेल तो द्या' असे लिहिले, तर बाकीचे दोघे यंत्राच्या दृष्टीने जन्मालाच आलेले नाहीत. तिसऱ्या मारुतीचा अपघाती रजेचा पगार पहिल्याच्या खात्यावर पडेल आणि यंत्र कुरकूर करणार नाही, कारण त्याने सांगितलेले काम चोख केले आहे. उलट एकच माणूस मस्टरवर मारुती, बँकेत मारोती आणि आधारवर मारुतीराव असेल, तर यंत्र म्हणेल की हे तिघे आहेत. म्हणून ओळख नावावर ठेवायची नाही. जी बदलत नाही आणि दोघांना मिळत नाही अशा खुणेवर ठेवायची.

भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 सालचा. 2014 सालापर्यंत कामगाराने नोकरी बदलली की त्याला नवा निधी क्रमांक मिळे. चार ठिकाणी राबलेल्या माणसाची चार खाती, चार गाठोडी, आणि ती एकाच देहाची आहेत हे सांगणारी दोरी कुठेच नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये बारा आकडी सार्वत्रिक खाते क्रमांक आला. नोकरी बदलली तरी हा क्रमांक तोच राहतो. हा बदल मी चांगला मानतो आणि तो उशिरा झाला असेही मानतो, कारण जुनी खाती या नव्या क्रमांकाला जोडायची कशी, तर पुन्हा नावावरून! आमच्या एका सभासदाचे नाव एका कारखान्याच्या कारकुनाने मस्टरवर एका अक्षराने चुकवून लिहिले होते. कारखान्याचे नाव मी घेत नाही. निवृत्तीनंतर त्याचे पैसे दीड वर्ष अडकले. पैसे होते, माणूस होता, मधली खूण जुळत नव्हती. अशा दुरुस्तीला कामगार आणि मालक या दोघांच्या सह्यांचे संयुक्त घोषणापत्र लागे. कारखाना बंद पडलेला असेल तर मालकाची सही आणायची कुठून? 1 ऑक्टोबर 2017 पासून दिलेल्या आणि आधार जुळलेल्या क्रमांकांना 2025 साली यातून बरीच मोकळीक मिळाली. पण आज निवृत्त होणारा माणूस त्याच्या पुष्कळ आधी कामाला लागलेला असतो.

माणूस सापडला असे धरू. आता बदल. इथे नवशिका प्रोग्रामवाला हमखास ठेचकाळतो, म्हणून जरा थांबून सांगतो. पाइथन किंवा जावा या भाषांत यादीमध्ये खरे म्हणजे वस्तू ठेवलेली नसते, वस्तूचा पत्ता ठेवलेला असतो. मी यादीतून एक कामगार हातात घेतो, म्हणजे त्याच्या पत्त्याची चिठ्ठी हातात घेतो. त्या चिठ्ठीवरून जाऊन त्याच्या घराचा रंग बदलला, तर यादीतूनही तो बदललेलाच दिसेल, कारण घर एकच आहे. पण मी हातातल्या चिठ्ठीवरचा पत्ता खोडून दुसऱ्याच नव्या घराचा पत्ता लिहिला, तर यादीतली चिठ्ठी जुन्याच घराकडे बोट दाखवत राहील. मला वाटेल बदल झाला. यादीला त्याचा पत्ताही नाही. सी प्लस प्लससारख्या भाषेत आणखी एक गंमत आहे. तिथे नीट सांगितले नाही तर हातात येते ती वस्तूची झेरॉक्स. झेरॉक्सवर कितीही दुरुस्त्या करा, मूळ दप्तर ढिम्म.

आपल्या शेतकरी मंडळींना हे नवीन नाही. सातबारा म्हणजे काय? गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि नमुना बारा ही पिकांची नोंद. ती शोधायची गट क्रमांकावरून. आणि आठ-अ? तो खातेदारावरून. म्हणजे जमीन तीच, पण तिच्याकडे जाणाऱ्या वाटा दोन. तलाठ्यांना, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पूर्वी दोन्हीकडे हाताने लिहावे लागे. एकीकडे लिहिले, दुसरीकडे राहिले, की सातबारा एक बोलतो आणि आठ-अ दुसरेच बोलतो, आणि मधल्यामध्ये शेतकऱ्याच्या कर्जाचा अर्ज परत येतो. प्रोग्राममध्ये यावर तोड आहे. दोन्ही वाटांवर नकला ठेवू नका, एकाच वस्तूचा पत्ता ठेवा. कुठूनही जा, पोचाल एकाच ठिकाणी.

खुणेबद्दल आणखी एक गोष्ट. मघाच्या खणांच्या कपाटात वस्तू ठेवल्यानंतर, ज्या खुणेवरून खण ठरवला तीच खूण बदलली तर काय होईल? समजा खण नावावरून ठरवला होता. लग्नानंतर बाईचे नाव बदलले. कार्डावर नवे नाव लिहिले, कार्ड मात्र जुन्याच खणात राहिले. आता नव्या नावाने शोधाल तर नव्या खणात ते नाही. जुन्या नावाने शोधाल तर जुन्या खणात कार्ड आहे, पण त्यावरचे नाव जुळत नाही. कार्ड कपाटातच आहे आणि तरी कोणालाही सापडणार नाही. खूण बदलायचीच असेल तर आधी कार्ड बाहेर काढावे, मग खूण बदलावी, मग नव्या खणात ठेवावे. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगाव सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा हेच झाले. जुना नंबर कोणत्या गटात गेला हे दाखवणारा तक्ता हाती नसेल, तर आजोबांच्या खरेदीखतावरचे शेत आजच्या दप्तरात सापडत नाही.

पळसदेवकरांना तर ओळख आणि पत्ता यांतला फरक मी सांगायलाच नको. उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले, जुने गाव यशवंतसागराखाली गेले, वस्ती वर सरकली. पाणी खूप उतरले की पळसनाथाचे देऊळ दिसते. गाव मात्र तेच आहे. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर वस्तू तीच, तिचा 'ठिकाण' नावाचा एक गुण बदलला. ज्याने ठिकाणालाच ओळख मानले असेल त्याच्या प्रोग्राममध्ये गाव बुडाले.

आता, सापडलेच नाही तर? काही प्रोग्राम अशा वेळी गुपचूप नवी वस्तू तयार करतात. सोयीचे वाटते, पण खोटी दुबार नावे जन्मतात ती याच वाटेने. काही प्रोग्राम काहीच न करता 'काम झाले' म्हणतात. हे त्याहून वाईट. 'सापडले नाही' हे मोठ्याने सांगितले पाहिजे, आणि ज्याचे सापडले नाही त्यालाच सांगितले पाहिजे. आणखी एक, जाता जाता: हजेरी घेता घेता त्याच यादीतून नावे कमी करू नयेत. पाचवा काढला की सहावा पाचव्या जागी येतो, आणि तुम्ही सहाव्या जागेकडे सरकता, तेव्हा त्या बिचाऱ्याची हजेरी राहूनच जाते.

बदल कोणी करावा आणि कसा, याबाबत मात्र जुने महसूल दप्तर आजच्या पुष्कळ प्रोग्रामवाल्यांपेक्षा शहाणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे सातबाऱ्यावरचे नाव कोणी नुसते उठून खोडू शकत नाही. आधी नमुना सहामध्ये, फेरफाराच्या वहीत, नोंद धरायची. संबंधितांना नोटीस द्यायची. हरकतीला पंधरा दिवस ठेवायचे. मग वरच्या अधिकाऱ्याने प्रमाणित करायचे. आणि तेव्हा जुन्या नावाला कंस पडतो, शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. जुने नाव वाचता येते. ऑब्जेक्टच्या शास्त्रातही हेच सांगितले आहे. वस्तूच्या पोटात बाहेरून हात घालू नये, तिने ठेवलेल्या दारातूनच बदल मागावा, म्हणजे दारात तपासणी करता येते आणि कोणी काय बदलले याची नोंद राहते. पण कित्येक ठिकाणच्या हजेरीच्या यंत्रणेत मी पाहिले आहे की साहेबाने एक कळ दाबली आणि कामगाराचे आठ तास सहा झाले. आधीचा आठ कुठेही कंसात नाही. नोटीस तर दूरच. युनियनने पगारवाढीबरोबर हेही मागितले पाहिजे की माझ्या नोंदीत बदल झाला तर मला कळला पाहिजे आणि जुना आकडा मिटता कामा नये.

शेवटचा मुद्दा मी मुद्दाम राखून ठेवला होता, कारण शोधणे आणि बदलणे या दोहोंच्या आधीचा तो आहे. संग्रहात वस्तू कोणती मानायची हे कोणी ठरवले? आपल्या इंदापूर-बारामतीच्या कारखान्यांच्या भागात दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाच्या वहीत मोजणी माणसांची नसते, कोयत्यांची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्याला म्हणतात अर्धा कोयता. उचल कोयत्याला, हिशेब कोयत्याचा, आणि नाव बहुधा नवऱ्याचे. अशी वही जशीच्या तशी संगणकावर नेली तर 'कोयता' हा वर्ग होईल आणि बाई त्या वर्गाची वस्तूसुद्धा होणार नाही. तिच्यासाठी खणच नाही. तिला सर्पदंश झाला, ती बाळंत झाली, ती विधवा झाली, तर कोणाची नोंद शोधायची आणि कोणाची बदलायची? ऑगस्ट 2021 मध्ये ई-श्रमची नोंदणी सुरू झाली, तीत प्रत्येक असंघटित कामगाराला स्वतःचा बारा आकडी क्रमांक मिळतो, बाईलाही. दिल्लीच्या यादीत ती आहे. फडावरच्या वहीत नाही.

आमच्या नोंदवहीत मी 'कामगार' हा वर्ग केला आणि 'कोयता' हा दुसरा. कोयत्याच्या पोटात माहिती काहीच नाही, फक्त दोन कामगारांचे पत्ते आहेत. उचल कोयत्यावर लिहिली तरी तिचे दोन हिस्से दोघांच्या नावावर वेगळे दिसतात. पहिल्या हंगामात एका मुकादमाने विचारले, बाईचा वेगळा क्रमांक कशाला, एकाच घरातली तर माणसे. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईने तोवर आपले नाव, माहेरचे आणि सासरचे, दोन्ही सांगून टाकले होते.