सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. 2022 साली या गावानं ठरवलं, की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. दीड तासानं, साडेआठला, ते पुन्हा सुरू. मधल्या वेळात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली होती. ती पुन्हा वर्गात भरू लागली, तरी मुलांच्या हातून मोबाइल सुटेना, म्हणून हा निर्णय.

मला यातलं मोलाचं वाटतं ते हे, की भोंगा आईबाबांसाठीही वाजतो. "ठेव तो फोन" म्हणताना आपलाच अंगठा स्क्रीनवर फिरत असेल, तर पोर ऐकेल कसं?

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं आहे: वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. समोर मोबाइल धरून घास भरवणाऱ्या घरांनी हे जरूर लक्षात घ्यावं. चिऊकाऊचे घास अजून आहेतच की.

फ्लॅटमध्ये भोंगा कुठून आणायचा? कुकरची शेवटची शिट्टी चालेल. शिट्टी झाली की सगळ्यांचे फोन, आजोबांचासुद्धा, फ्रिजवरच्या टोपलीत. ऑफिसच्या फोनची धास्ती असेल तर रिंगचा आवाज मोठा ठेवा. आज पानं वाढायच्या आधी तेवढी टोपली शोधून ठेवा.