घरातल्या चित्रफिती : जतन आणि कर्तव्य



या व्यासपीठावरून इतिहास, साहित्य, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदी घरगुती आहे. माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून असलेल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी तबकडीवर, म्हणजे डीव्हीडीवर, उतरवून घेणे एवढाच तो विषय. परंतु हा ऐवज आज नासत चालला आहे आणि तो वाचवणे सर्वस्वी आपल्याच हाती आहे, म्हणून तो आपल्यापुढे मांडावा असे आम्हांस वाटले.

जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस पद्धतीची कॅसेट बाजारात आणली. सोनीची बीटामॅक्स तिच्या आदल्याच वर्षी आली होती. पण घरोघरी पोहोचली ती व्हीएचएस. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले आणि त्या दशकात व्हीसीआर मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आला. ज्यांना तो विकत घेणे परवडत नसे ते एका रात्रीपुरता भाड्याने आणीत आणि पहाटेपर्यंत तीन-तीन चित्रपट पाहत. मग लग्नात फोटोग्राफरच्या जोडीला डोळे दिपवणारा दिवा घेऊन व्हिडिओवाला दिसू लागला. लग्न, मुंज, बारसे, साठीशांत, घरची वास्तुशांत हे सारे त्या फितीवर चढले.

या फितींची किंमत काय, असे कोणी विचारील. फोटो आपल्याला चेहरा देतो. फीत चाल देते, आवाज देते, बोलण्याची ढब देते. आजोबा उपरणे सावरीत कसे उठत, आजी कोणत्या सुरात हाक मारी, विहिणी कोणते उखाणे घेत, पंगतीत वाढप कसे चाले, हे फोटोवरून कळत नाही. मालवणी किंवा वऱ्हाडी बोली ज्या रीतीने एखाद्या घरात बोलली जाई, ती रीत कदाचित त्या एकाच फितीवर उरली असेल. १९३१ चा 'आलम आरा' हा आपल्या देशातला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. ज्याच्या प्रती गावोगावी फिरल्या त्या बोलपटाची जर ही गत, तर जिची मुळात एकच प्रत आहे आणि जिच्यासाठी कोणतेही संग्रहालय उंबरठ्यावर येणार नाही, त्या आपल्या मुंजीच्या कॅसेटीची काय कथा!

आता फीत नासते कशी ते पाहू. कॅसेटीतली फीत अर्धा इंच रुंद आणि मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याइतकी जाड असते. तीन तासांच्या कॅसेटीत ती जवळजवळ अडीचशे मीटर भरते. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कण एका चिकट द्रव्याने बसवलेले असतात आणि त्या कणांत चित्र व आवाज साठवलेले असतात. व्हीसीआरमध्ये एक दंडगोल सेकंदाला पंचवीस फेरे घेतो आणि त्याच्यावरचे वाचक फितीवरील तिरप्या रेषा एकामागून एक वाचतात. हे चिकट द्रव्य हवेतील ओल शोषते आणि कमकुवत होते. मग कण सुटू लागतात, पडद्यावर पांढरे ठिपके पडतात, चित्र थरथरते. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे बंद कपाटात काढलेल्या कॅसेटीवर बुरशीही धरते. कॅसेटीच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसली तर ती यंत्रात मुळीच घालू नये. ती बुरशी यंत्राला लागते आणि यंत्रातून पुढच्या चांगल्या कॅसेटीला. अशी कॅसेट जाणकाराकडून आधी साफ करून घ्यावी.

दुसरा धोका यंत्राचा. फीत शाबूत राहिली तरी ती वाचणारे यंत्र हवे. व्हीसीआर बनवणारी फुनाई ही जपानी कंपनी तेवढी उरली होती. तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. तेव्हा आज जे चालू आहेत ते सारे जुने व्हीसीआर, आणि त्यांचे सुटे भाग व ते दुरुस्त करणारे हात दोन्ही दरसाल कमी होत आहेत. 'सवडीने करू' हे वाक्य या बाबतीत फार महाग पडणारे आहे.

काम कसे करावे? व्हीसीआरमधून निघालेले चित्र आणि आवाज एका लहान उपकरणाच्या साहाय्याने संगणकात घेतात आणि तेथून डीव्हीडीवर उतरवतात. यात घाई चालत नाही. फीत तीन तासांची असेल तर उतरवायलाही तीन तासच लागतात. घरात चाळीस कॅसेटी असतील आणि रोज संध्याकाळी एक लावली, तर चाळीस संध्याकाळी लागतील. म्हणून आधी क्रम ठरवावा : ज्यांतली माणसे आज हयात नाहीत त्या कॅसेटी प्रथम, आणि दूरदर्शनवरून उतरवून घेतलेले चित्रपट सर्वांत शेवटी. जुने यंत्र बऱ्याच दिवसांनी लावताना प्रथम एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट घालून पाहावी. नातलगांनी अमेरिकेहून पाठवलेल्या कॅसेटी वेगळ्या काढाव्यात. आपली पद्धत ६२५ रेषांची आणि सेकंदाला पंचवीस चित्रांची, तिकडची ५२५ रेषांची आणि सुमारे तीस चित्रांची. तिला जुळणारा व्हीसीआर लागतो.

काम दुकानात दिले तर तेथे एक गोष्ट बजावून सांगावी : काहीही कापू नका आणि वर गाणे चढवू नका. एखाद्याला कंटाळवाणा वाटेल असा भाग, म्हणजे मांडवाबाहेरचा रस्ता, चुलीपाशी बसलेल्या बायका, उगाच कॅमेऱ्यापुढे आलेली मुले, हाच पुढे सर्वांत मोलाचा ठरतो. मंगलाष्टके तर सर्वच लग्नांत सारखी असतात!

एकदा डीव्हीडी झाली की आपण निश्चिंत झालो, हा समज मात्र बरोबर नाही. आपण घरी लिहितो त्या तबकडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. उन्हाने आणि उष्णतेने तोही बिघडतो. शिवाय आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपांत तबकडी घालण्याची सोयच नसते. खुद्द सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन बंद केले. म्हणून तबकडी जरूर करावी, पण तिच्याबरोबर हार्ड डिस्कवर एक प्रत ठेवावी, आणखी एक प्रत दुसऱ्या गावी भावाकडे किंवा मुलीकडे ठेवावी. आणि मूळ कॅसेट फेकू नये. एका डीव्हीडीवर चार-सहा तास कोंबण्याचा मोह टाळावा. दोन तासांपुढे गेले की चित्राचा कस उतरू लागतो.

मग हे काम कायमचे संपणार तरी कधी? आमचे नम्र मत असे की ते संपणारे नाही, आणि त्यात खेद मानण्याचेही कारण नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. त्या वेळची मूळ पोथी आज कोणाजवळ नाही. तरीही ज्ञानेश्वरी आपल्याजवळ आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी ती उतरून काढीत राहिले. उतरताना पाठ बिघडत गेले, तेव्हा शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. आपले काम त्याहून सोपे आहे. कॅसेटीवरून कॅसेट केली की चित्र प्रत्येक वेळी फिके होई. संगणकातली नोंद मात्र जशीच्या तशी उतरते, एक अक्षरही न गळता. तेव्हा दर आठ-दहा वर्षांनी त्या वेळच्या चालू साधनावर नवी प्रत करणे, एवढाच कुळाचार आपल्याला पाळायचा आहे.

परंतु एक गोष्ट कोणतेही यंत्र करणार नाही, आणि तीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे नावे. मांडवात दोनशे माणसे दिसतात. त्यांतली किती आज आपल्याला ओळखू येतात? पंगतीत काळी टोपी घालून बसलेले गृहस्थ कोण, नवरीच्या मागे उभी असलेली नऊवारीतली बाई कोणाची कोण, हे सांगणारी एखादी आत्या किंवा एखादे काका अजून घरात असतात. त्यांच्या शेजारी वही घेऊन बसावे. 'बाविसावे मिनिट, डावीकडून दुसऱ्या : आईची मावशी, सांगलीच्या' असे लिहीत जावे. गेलेले माणूस एकदम हलताना-बोलताना दिसले की वृद्धांचे मन भरून येते. तेव्हा फीत थांबवावी, घाई करू नये. त्या वेळी जे सांगितले जाते ते फितीवरही नसते. तेही वहीत उतरवावे आणि वहीची प्रत तबकडीसोबत ठेवावी. नावे नसलेली फीत कितीही स्वच्छ उतरली तरी नातवंडांच्या लेखी ती अनोळखी माणसांची गर्दीच ठरेल. फितीला अजून काही वर्षे मुदत आहे असे धरून चालता येईल. नव्वदीच्या आत्याबाईंच्या बाबतीत तसे धरून चालता येत नाही.

म्हणून आमची आपणांस विनंती एवढीच की, या सुट्टीत मुले-नातवंडे घरी जमतील तेव्हा माळ्यावरचे ते खोके खाली काढावे, कॅसेटींवरची धूळ पुसावी, यंत्राची तजवीज करावी. आणि यंत्र मिळेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही, वही तर आज रात्रीच घालता येईल.