टोकाची उंची
(दिवेआगर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्या गावी शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा मराठी ताम्रपट सापडला, त्या दिवेआगरात आपण जमलो आहोत. तो कोरणाऱ्या कारागिराचे नाव आम्हांस ठाऊक नाही. परंतु छिन्नी किती खोल जावी हे त्याच्या हातास कळत होते, एवढे निश्चित. आजच्या संगणकनियंत्रित मिलिंग यंत्रास मात्र हात नाही. टूलचे टोक कोठे आहे, हे त्यास सांगावे लागते.

पूर्वी आम्ही जॉबवर कागदाचा कपटा ठेवून, तो अडकेपर्यंत टूल हलकेच खाली आणीत असू. प्रत्येक टूलसाठी हेच करावयाचे म्हणजे वेळ जाई आणि माणसागणिक अंदाज बदले. हे काम आता उंचीमापक सेन्सर करतो. टूल त्यावर टेकले की आतील स्विच यंत्रास संकेत देतो. यंत्र तत्क्षणी थांबते आणि ती उंची नोंदते.

हा सेन्सर टेबलाच्या कडेस, जॉब व शिकंजा यांच्या वाटेत येणार नाही, पण स्पिंडल पोहोचेल अशा जागी घट्ट बसवावा. खालची बैठक पुसून घ्यावी. वायर हलत्या भागांत अडकू देऊ नये. विश्रांतीत मंडल जोडलेले राहील असा स्विच निवडावा. म्हणजे वायर तुटली तर यंत्र पुढे न जाता थांबेल. मोजताना स्पिंडल बंद असावा. प्रथम जरा वेगाने टेकवून, थोडे वर घेऊन, दुसऱ्यांदा अगदी सावकाश टेकवावे. एकच टूल दहा वेळा मोजून पाहावे. आकडे जुळले तरच विश्वास ठेवावा.

येथे आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. एकदा सर्व जॉब ०.३ मिलिमीटर खोल कापले गेले. आम्ही शिकाऊ मुलास सर्वांदेखत बोललो. सायंकाळी शोध घेता कळले की सकाळी संदर्भाचे पहिले टूल आम्ही स्वतः मोजले, तेव्हा सेन्सरवर एक चिप पडलेली होती. त्यामुळे ते टूल खोटेच लांब ठरले, आणि पुढील सर्व टूले तेवढीच आखूड ठरून खोल गेली. मुलगा निर्दोष होता. दुसऱ्या दिवशी आम्ही सर्वांदेखतच त्याची क्षमा मागितली. तेव्हापासून मोजण्यापूर्वी सेन्सर व टूलचे टोक पुसणे हा आमच्या कारखान्याचा नित्यनेम झाला आहे.

बंधुहो, यंत्र खोटे बोलत नाही. जे त्यास स्पर्शले तेच ते सांगते. स्पर्श कशाचा झाला, हे पाहणे माणसाचेच काम आहे. आपल्या वडिलांच्या हातचे कसब यंत्राने नेले, असे दुःख आपल्यांतील कित्येकांस वाटते. आम्हांस ते तसे वाटत नाही. कसब हातातून डोळ्यांत आणि विवेकात आले आहे, इतकेच. म्हणून मुलांस बटणे दाबावयास शिकवाल तेव्हा पुसावयास, पुन्हा मोजावयास, आणि चूक आपली असेल तर ती कबूल करावयासही शिकवा.